तोफेवरचा कौल

माझ्या सदूचं बारसं माझ्याविना झालं ते साल १९८४. बारशाचं पत्र आलं तेव्हा मी एका रणगाड्याच्या पाठीवर बसलो होतो, आणि ते पत्र मला वाचता येत नव्हतं.

"टाक खाली," इस्माईल म्हणाला.

इस्माईल परकार आमच्या टोळीचा मुकादम. आमची वाडी खाडीच्या अलीकडे, त्याचा मोहल्ला पलीकडे. गावी असताना आमची कधी ओळख नव्हती. ओळख झाली ती आखातात, भंगाराच्या यार्डात. त्या देशाचं नाव लिहीत नाही. एवढंच सांगतो, की सकाळी एका टोकाला चहा घेतला तर दुपारी दुसऱ्या टोकाला जेवता यायचं. त्या देशाच्या सैन्याने आपले जुने रणगाडे, चिलखती गाड्या आणि तोफा मोडीत काढल्या होत्या आणि त्या कापायचं काम आमच्या यार्डाला मिळालं होतं. मी गॅस कटर. मुंबईला दारूखाना बंदरावर जहाजं कापून हात बसलेला.

इस्माईलने उभ्या उभ्या पत्र वाचलं. मुलगा झाला, नाव सदानंद ठेवलं, सदू म्हणतात. दोघी मुली बऱ्या आहेत. म्हैस व्यायली.

"डोळे तुझ्यासारखे आहेत. रडतोही तुझ्यासारखाच," तो म्हणाला.

"असं लिवलंय?"

"लिहिलं नाय. पण असणार."

मग त्याने माझ्याकडचा खडू घेतला. पत्रा कुठे कापायचा त्याची रेघ मारायला आम्ही खडू ठेवायचो. त्या खडूने त्याने रणगाड्याच्या कुशीवर मोठ्ठी दोन अक्षरं काढली आणि म्हणाला, "हा बघ तुझा पोरगा."

मी ती अक्षरं पुष्कळ वेळ बघितली. त्या दिवशी भोवतालचं सगळं पोलाद कापलं, तेवढा तुकडा राखला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तो कापायला लावला, पण तोवर अक्षरं माझ्या डोक्यात बसली होती. आयुष्यात शिकलेली पहिली अक्षरं ती. बाकीची शिकायला पन्नाशी उलटली.

आमच्या कामाची एक रीत होती. कुठलीही नवी गाडी कापायला घेताना मी आधी गाऱ्हाणं घालायचो. आमच्या कोकणात विहीर खणा नाहीतर घर बांधा, त्या जागेच्या राखणदाराला आधी सांगायचं असतं. वाळवंट असलं म्हणून काय झालं, जागेला राखणदार असणारच. नारळ तिथे महाग, म्हणून मी खजूर ठेवायचो. पण गाऱ्हाण्याला साथ लागते. एकाने मागणं मागायचं, दुसऱ्याने 'व्हय महाराजा' म्हणायचं. दुसरा कोकणी माणूस यार्डात एकच होता.

"बा राखणदारा महाराजा," मी म्हणायचो, "लांबच्या मुलखातून पोटासाठी आलेली लेकरं आहोत."

"व्हय महाराजा," इस्माईल म्हणायचा.

"हातापायाला इजा करू नको."

"व्हय महाराजा. आणि भागोजीला आंघोळ करायची बुद्धी दे."

पहिल्यांदा त्याने साथ दिली तेव्हा मी विचारलं होतं, तुला चालतं का रे हे. तो म्हणाला, माझा आजा होड्या बांधायचा, प्रत्येक होडीला तुमचाच गावकार येऊन गाऱ्हाणं घालून जायचा. माझा नमाज माझ्याजवळ आहे, तुझं गाऱ्हाणं तुझ्याजवळ. मी फक्त होय म्हणतो.

मे महिना आला. रणगाडे संपले, चिलखती गाड्या संपत आल्या, तोफा उरल्या. रमजान जवळ आला होता. मॅनेजर वर्गीस केरळचा, माणूस वाईट नव्हता, पण मालक त्याच्या डोक्यावर बसलेला. पुढच्या मालाचं जहाज येणार होतं आणि मैदान मोकळं हवं होतं. त्याने आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, की रमजान लागायच्या आत शेवटचा तुकडा उचलला तर तुम्हा दोघांना महिन्याची रजा आणि विमानाचं तिकीट. नाहीतर ती तिकिटं दुसऱ्या टोळीला.

आमचा करार दोन वर्षांचा होता. तोवर सदू चालायला लागला असता. इस्माईलचा तर हा दुसरा करार, त्याने तीन वर्षं आईला पाहिलं नव्हतं. मी त्या रात्री झोपलो नाही. कामावर मात्र दुप्पट जोराने गेलो.

मग तो म्हातारा आला.

पांढरा झगा, डोक्याला रुमाल, हातात थर्मास, त्यात कावा, म्हणजे तिथली कडू कॉफी. तोफांच्या रांगेतून एकेक तोफ बघत चालला होता. शेवटच्या तोफेशी थांबला, वाकला, चाकापाशी कसलीशी खूण शोधली आणि तिथेच वाळूत बसला. आम्ही जवळ गेलो तर सरळ हिंदीत बोलायला लागला. तरुणपणी खजुराच्या गलबतावरून मुंबईला यायचा, भेंडीबाजारात त्याचा दोस्त होता. नाव खमीस. सैन्यात तोफची होता, आता निवृत्त.

"भाई, ये मत काटो," तो म्हणाला.

इस्माईलने त्याला सावलीत घेतलं आणि सगळी हकीकत काढून घेतली. ही तोफ कित्येक वर्षांत लढाईसाठी उडाली नव्हती. ती रमजानची तोफ होती. सूर्य बुडाला की जुन्या बंदरावर ती उडवायची, आणि आवाज आला की गावाने रोजा सोडायचा. निवृत्त झाल्यावरही त्या एका महिन्यासाठी खमीसला बोलावत. यंदा सगळ्या जुन्या तोफा मोडीत काढल्या तेव्हा सारख्या दिसणाऱ्या तोफांत हीही ओढून आणली. खमीस सैन्याच्या कचेरीत जाऊन आला होता. साहेब चांगला होता, चूक झाली म्हणाला, परत मागवतो म्हणाला. पण ज्याची सही लागते तो मोठा साहेब राजधानीत नव्हता.

"इतका छोटा देश," खमीस म्हणाला. "सगळे एकमेकांचे मेहुणे. तरी सहीला दोन दिवस."

इस्माईलने विचारलं, आता तर रेडिओवर अजान लागते, घड्याळं आहेत, मग तोफ कशाला. मला वाटलं म्हातारा रागावेल. तो हसला. त्याची बायको आंधळी झाली होती आणि अंथरुणावर होती. हकीम म्हणाला होता, पुढचा रमजान तिला दिसायचा नाही. तिने सांगून ठेवलं होतं, की यंदा रोजे धरायचे आणि तोफेवरच सोडायचे. रेडिओवर तिचा भरवसा नव्हता. तो माणूस कुठल्या गावात बसून बोलतो कोण जाणे, ती म्हणायची. तोफ उडाली की मला कळतं माझा नवरा कुठे उभा आहे.

त्याने आम्हाला कावा पाजला आणि तो गेला.

संध्याकाळी वर्गीसला इस्माईलने सांगून पाहिलं. वर्गीसने डोक्याला हात लावला. माझ्याकडे सैन्याचा माणूस येईल तर देईन, म्हणाला, पण उद्या मालक येणार आहे आणि त्याला मैदान रिकामं दिसायला हवं. उद्या सकाळी पहिली ती तोफ कापा.

खोलीवर परतताना मी इस्माईलला विचारलं, काय करायचं रे. तो म्हणाला, कटर तू आहेस. मी म्हटलं, मुकादम तू आहेस. मला एका बाजूला खमीसची म्हातारी दिसायची, दुसऱ्या बाजूला सदू. सदूचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं, म्हणून तो मला त्या दोन अक्षरांसारखाच दिसायचा.

सकाळी मी सिलिंडर ओढत नेले, नळ्या जोडल्या. कापण्याआधी चाकांच्या मधलं वंगण पुसून काढावं लागतं, नाहीतर ते पेट घेतं. ते पुसता पुसता मला सुचलं.

"इस्माईल, कौल लावूया," मी म्हटलं.

आमच्याकडे अडलं की देवाला कौल लावतात. पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओले तांदूळ चिकटवायचे, मनातलं बोलायचं आणि वाट बघायची. उजवा दाणा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. आणि कुठलाच पडला नाही तर देव अजून बोललेला नाही. तोवर कामाला हात लावायचा नाही. देवळात गुरव असतो, मानकरी असतात. इथे राखणदाराला पाषाण म्हणून तोफेचा पुढचा पोलादी पत्रा होता.

मी म्हटलं, उजवा पडला तर कापायची. जे होईल ते त्याच्या इच्छेने.

इस्माईल माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "थांब, तांदूळ भिजवून आणतो."

तो खोलीवर जाऊन वाटी घेऊन आला. माझे हात वंगणाने काळे झालेले, म्हणून दाणे त्यानेच लावले. एक उजवीकडे, एक डावीकडे. मी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. गावच्या वाघजाईचं नाव घेतलं, त्या जागेच्या राखणदाराचं घेतलं, म्हातारीचं सांगितलं, सदूचं सांगितलं. इस्माईल दर वेळी व्हय महाराजा म्हणाला. त्या दिवशी त्याने मस्करी केली नाही.

मग आम्ही वाट बघत बसलो.

ऊन वर आलं. पत्रा असा तापला की हात लावला तर कातडी सोलेल. ओला दाणा वाळला की सुटतो, हा माझा जन्माचा अनुभव. दाणे वाळले, पांढरे पडले, पण जागचे हलले नाहीत. बाकीच्या टोळीने चिलखती गाड्यांचे उरलेले तुकडे उचलले. येता जाता सगळे बघून जायचे. गुलखान नावाचा एक पठाण कटर होता, त्याला वर्गीसने तोफेवर जायला सांगितलं. तो म्हणाला, त्यावर त्या माणसाची दुआ लावलेली आहे, मी हात लावणार नाही.

दुपारी वर्गीस स्वतः आला.

"किती वेळ लागतो तुमच्या देवाला?"

"साहेब," इस्माईल म्हणाला, "लांबून यायचंय त्याला. कोकणातून."

वर्गीस हसला नाही. त्याने पत्र्याजवळ जाऊन दाणे निरखले. खरवडून काढायला बोट पुढे केलं. त्याच्या गळ्यात बारीक सोनेरी क्रूस होता. दुसऱ्या हाताने त्याने तो धरला, आणि पुढे केलेलं बोट मागे घेतलं. मालकाला काय सांगू, एवढंच पुटपुटत तो गेला.

संध्याकाळी मालक येऊन गेला. मोकळ्या मैदानात ती एकटी तोफ उभी होती. मालक काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण वर्गीसची मान खाली गेलेली दिसली. मी दाण्यांकडे पाहिलं. ते तसेच होते. मला सदूवरचा हक्क सुटल्यासारखं वाटलं, आणि तरी हलकंही वाटत होतं, हे खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत सैन्याचा ट्रक आला. पुढच्या सीटवर खमीस बसला होता, सही झाली होती. सैनिकांनी तोफ ट्रकच्या मागे जोडली. खमीसने पत्र्यावरचे दाणे पाहिले आणि हे काय, म्हणून विचारलं. इस्माईलने त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. म्हातारा एवढा हसला की त्याला खोकला लागला. मग तो माझ्याकडे आला, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. तोफ आपल्या चाकांवर डुलत फाटकाबाहेर गेली, दोन्ही दाणे घेऊन.

ट्रक गेल्यावर वर्गीसने इस्माईलला आत बोलावलं. काचेतून दिसत होतं. वर्गीस बोलत होता आणि इस्माईल हात मागे बांधून उभा होता. मला बोलावतील म्हणून मी दारापाशीच थांबलो. मला कोणी बोलावलं नाही. इस्माईल बाहेर आला, नळावर तोंड धुतलं आणि म्हणाला, "तुझं तिकीट झालं. परवाचं विमान."

"आणि तुझं?"

"मी ईदनंतर मागितलंय. आता गेलो तर महिना रोजात जाईल. नंतर गेलो तर आईच्या हातचं खाता येईल."

मला ते पटलं. आनंदात माणसाला काहीही पटतं.

त्याच संध्याकाळी चंद्र दिसला. दुसऱ्या दिवशी पहिला रोजा होता आणि माझा तिथला शेवटचा दिवस. सूर्य बुडायच्या वेळी आम्ही खोलीबाहेर सतरंजी टाकून बसलो. इस्माईल, गुलखान, आणखी चारपाच जण, समोर खजूर आणि पाणी. मीही त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं, पण जेवण गेलं नाही. रेडिओ कोणीच लावला नाही.

बंदराकडून आवाज आला. मोठा नव्हता. दूर कोणीतरी जड दार लोटावं तसा. खोलीचा पत्रा किंचित थरथरला.

इस्माईलने खजूर उचलला, अर्धा मला दिला आणि म्हणाला, "पडला बघ तुझा कौल."

मी घरी पोचलो तेव्हा सदू माझी दाढी बघून किंचाळला आणि दोन दिवस माझ्याकडे आला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या पोटावर झोपला. त्या महिन्यातलं बाकी काही मला आठवत नाही, त्याचं वजन आठवतं.

इस्माईलने आईसाठी एक शाल, अत्तराची बाटली आणि बदाम दिले होते. ते घेऊन सदूला काखेत मारून मी तरीच्या होडीतून खाडीपलीकडे गेलो. त्याची आई हलीमाबी ओटीवरच होती, वाकलेली, डोळ्यांना जाड चष्मा. माझ्या मागे आणखी कोणी येतंय का, ते तिने आधी पाहिलं.

"माझा इस्माईल कसा नाय आला?"

मी त्याने सांगितलेलंच सांगितलं. ईद झाली की येणार, तुझ्या हातचं खायला. तिने मान हलवली. मग उठली, मी नको नको म्हणत असताना चुलीवर घावन घातले, नारळाचा रस काढला आणि समोर बसून मला खायला लावलं. सदूच्या कपाळाला शालीचं टोक लावलं.

"तू आलास, म्हणजे तोच आला," ती म्हणाली. "आता जेव नीट. त्याच्या वाटणीचं पण जेव."

मी महिनाभरात तीनदा गेलो. दर वेळी तिने दोघांच्या वाटणीचं वाढलं.

परत आलो तर ईद होऊन गेली होती आणि इस्माईल तिथेच होता. त्याच्या तिकिटाचं विचारलं की तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात. गणपतीत तार आली. तार वाचून तो यार्डाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने विचारलं, "तू गेला होतास ना तिच्याकडे?"

"तीनदा."

"काय घातलंन खायला?"

"घावन. नारळाचा रस."

"गुळाचा की साखरेचा?"

"गुळाचा."

त्याने मान हलवली, आणि मग रडला.

पुढे आम्ही दोघं गावी परतलो. त्याने तरीवर दुकान टाकलं, मी शेती धरली. वाडीत रात्रीचा साक्षरता वर्ग निघाला तेव्हा मला जबरदस्तीने तिथे बसवलं ते त्यानेच. दोन अक्षरं येतात तुला, म्हणाला, बाकीची काय लाजतात?

२००७ साली पावसाळ्यानंतर तो अंथरुणाला खिळला. मी रोज तरीतून जायचो आणि त्याला पेपर वाचून दाखवायचो. अडखळत वाचायचो, तो डोळे मिटून चुका काढायचा. एक दिवस त्याच्या सुनेने त्याला वाटीत पेज आणून दिली. त्याने चमच्याने ती हलवली आणि स्वतःशीच हसायला लागला.

"भागोजी, तो कौल का पडला नाय, ठाऊक आहे तुला?"

"देव बोलला नाय म्हणून."

"पाण्यात नव्हते भिजवले तांदूळ. पेजेत बुडवून आणले होते. रात्रीची पेज, खळीसारखी झालेली. त्या उन्हात तो दाणा छिन्नीने पण निघाला नसता. पतंग चिकटवतात त्याने."

मी पेपर खाली ठेवला. मला त्या दिवशीची वाटी दिसली, माझे काळे हात दिसले, आणि ट्रकजवळ हसून खोकणारा खमीस दिसला. त्याला तेव्हाच कळलं होतं. इस्माईलने सांगितलं, की खमीसने ते दाणे काढू दिले नाहीत, सगळा रमजान ते तोफेवर होते. त्याच्या बायकोने सगळे रोजे धरले. सगळे तोफेवर सोडले.

"मला सांगायचंस की तेव्हा," मी म्हटलं.

"तुला विचारलं असतं तर तू पोराकडे बघितलं असतंस. बघायलाच हवं होतं. म्हणून नाय विचारलं."

मग मी ते विचारलं, जे तेवीस वर्षांत मला सुचलं नव्हतं. वर्गीसने आत बोलावून काय सांगितलं होतं?

"काम कोणी थांबवलं, म्हणाला. त्याचं तिकीट रद्द. मी म्हटलं, मुकादम मी आहे." त्याने पेजेचा घोट घेतला. "खरं तेच सांगितलं."

मी एवढंच म्हणू शकलो, की तुझी आई. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"ती जेवली ना तुझ्यासोबत? मग झालं. वाच पुढे. पावसाचं काय लिहिलंय?"

मी पेपर उचलला आणि वाचलं. त्या दिवशी त्याने एकही चूक काढली नाही.

सदू आता बंदरात क्रेन चालवतो. त्याच्या मुलाच्या बारशाला मी त्याला हे सगळं सांगितलं, आणि तो म्हणाला, बाबा, लिहून ठेवा. म्हणून लिहिलं.

हलीमाबी परकार १९८४ सालच्या गणपतीत वारली. तिचा मुलगा इस्माईल २००७ साली, दिवाळीच्या पाडव्याला सकाळी वारला. दोघांच्या कबरी खाडीकाठच्या एकाच आवारात आहेत.